घाईची नक्कल, सवडीने

डालेकच्या अंगावर 56 अर्धगोल असतात. चौदाच्या चार रांगा. हा आकडा कळला की डालेक बांधायला निघालेल्या माणसाला पहिल्यांदा घाम फुटतो. एक अर्धगोल करणं ही हौस, दहा करणं हे काम आणि 56 करणं ही शिक्षा. 'तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत' असं म्हणणाऱ्याने ते नुसते पाहिलेले असतात, केलेले नसतात.

डालेक म्हणजे बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेतला, कवचात बसून सरकत फिरणारा परग्रहावरचा खलनायक. मालिका 1963च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी 21 डिसेंबरच्या भागाच्या शेवटी एका भेदरलेल्या बाईच्या दिशेने डालेकचा फक्त हात पुढे आला. त्या हाताच्या टोकाला होता तुंबलेलं बेसिन मोकळं करायचा रबरी पंप. आख्खा डालेक पुढच्या आठवड्यात दिसला, पण तोवर प्रेक्षक घाबरून बसले होते. लेखक टेरी नेशन यांना पाय न दिसणारं, माणसाशी कसलंही साम्य नसलेलं काहीतरी हवं होतं. रेमंड क्युसिक यांनी खुर्चीवर बसलेला माणूस काढला आणि त्याच्याभोवती कवच रेखाटलं. पैसा बेताचा, वेळ त्याहून बेताचा. पहिल्या कथेसाठी चारच डालेक बनले. गर्दी दाखवायची वेळ आली तेव्हा मागे डालेकांचे मोठे केलेले फोटो उभे केले.

तर अशी ही घाईत, काटकसरीत उभी केलेली वस्तू. आणि तिची हुबेहूब प्रतिकृती करायला लोक दोन-दोन वर्षं लावतात. मूळ कारागिराने 'चालतंय की' म्हणून सोडून दिलेली फट इथे मिलिमीटरमध्ये मोजली जाते. घाईची नक्कल घाईत होत नाही, हे या छंदातलं मुख्य दुखणं. मुख्य सुखही तेच.

पहिला प्रश्न: कुठल्या सालचा डालेक? हा प्रश्न टाळून थेट प्लायवूड कापायला घेणाऱ्याच्या हाती शेवटी कुठल्याच सालचा डालेक लागत नाही. पहिल्या कथेतल्या डालेकच्या खांद्यांवर उभ्या पट्ट्या नाहीत; त्या 1965मध्ये आल्या. 1964मध्ये लंडनच्या रस्त्यांवर चित्रीकरण करायचं म्हणून मोठी चाकं लागली, ती झाकायला खालचा बंपर फुगला. 2005चा डालेक तांबूस, कांस्याच्या रंगाचा, आणि त्याचे सांधे रिव्हेट मारलेल्या बॉयलरसारखे. रंगाची तर मौजच आहे. साठच्या दशकातल्या मालिकेतले डालेक चंदेरी होते आणि त्यांचे अर्धगोल फिकट निळे. पण प्रक्षेपण कृष्णधवल! टीव्हीच्या पडद्यावर मालिकेतला डालेक रंगीत दिसला तो 1 जानेवारी 1972ला. म्हणजे ज्या निळ्याच्या नेमक्या छटेवरून आज कडाक्याचे वाद होतात, ती तेव्हा घरी बसून कुणीच पाहिली नव्हती.

बुडाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. 18 मिलिमीटरचं प्लायवूड, कॅस्टरची म्हणजे सगळ्या दिशांना वळणारी चाकं, बसायला आडवी फळी, पाय टेकवायला मधे मोकळी जागा. खरी कसोटी घेराची, म्हणजे अर्धगोल ज्यावर बसतात त्या झग्याची. आतला माणूस खुर्चीत बसलेला, त्याचे गुडघे पुढे. म्हणून घेर पुढच्या बाजूला जास्त पसरतो आणि मागे बराचसा उभा राहतो. परिणामी कुठलेही दोन शेजारी तक्ते एकमेकांना नेमके किती अंशांत भेटतात ते जवळपास प्रत्येक सांध्याला वेगळं. वरून पाहिलेला कोन मोजून कडा तासल्या तर फट राहणारच, कारण तक्ते कललेले आहेत आणि त्या कलण्याने खरा कोन बदलतो. आकडेमोड नको असेल तर आधी पुठ्ठ्याचा घेर करून चिकटवावा आणि सांध्यावर काटकोनात तिरका गुण्या (हवा तो कोन धरणारं सुताराचं हत्यार) लावून कोन उचलावा. त्याचा निम्मा एका तक्त्याच्या कडेला, निम्मा दुसऱ्याच्या. राहिलेली बारीक फट मोटारीच्या पत्र्याला लावतात त्या पुट्टीने भरते. पण आतून फायबरची पट्टी आणि रेझिन दिलं नाही तर पहिल्याच धक्क्याला पुट्टी रेषेत तडकते.

मग अर्धगोलांच्या जागा. इथे टेप घात करतो. पुढचा तक्ता जास्त कललेला म्हणून तो लांब. मागचा उभा म्हणून आखूड. प्रत्येक तक्त्यावर वरून सारखं अंतर मोजत गेलं की बाजूने पाहताना रांग पायऱ्यांसारखी दिसते. घेर सपाट जमिनीवर ठेवावा, ठरलेल्या उंचीच्या काठीला पेन्सिल बांधावी आणि ती काठी घेराभोवती जमिनीवरून सरकवत न्यावी. रेघ आपोआप एका पातळीत येते. स्तंभ मात्र वर जाताना जवळ येतात, कारण तक्तेच वर निमुळते आहेत. ते समांतर आखणाऱ्याला वरच्या ओळीत जागाच उरत नाही.

अर्धगोल दोन वाटांनी मिळतात. सोपी वाट म्हणजे सजावटीसाठी विकले जाणारे 100 मिलिमीटरचे, दोन भागांत उघडणारे पारदर्शक प्लॅस्टिकचे चेंडू. 28 चेंडू म्हणजे 56 वाट्या. टांगायची कडी कापताना तीन-चार तडकतातच, म्हणून 32 आणावेत. रंग आतून द्यावा. बाहेरची चकाकी फुकटात मिळते आणि ओरखड्याने रंग निघत नाही. पहिला हात अगदी हलका हवा. फवाऱ्यातलं द्रावक जोरात बसलं तर प्लॅस्टिकवर केसासारख्या बारीक भेगा उमटतात.

दुसरी वाट व्हॅक्यूम फॉर्मिंगची. पॉलिस्टायरीनचा पत्रा तापवून मऊ करायचा, लाकडी साच्यावर टाकायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची. अर्धगोलाचं क्षेत्रफळ त्याच्या तळाच्या वर्तुळाच्या बरोबर दुप्पट असतं, म्हणजे 2 मिलिमीटरचा पत्रा सरासरी 1 मिलिमीटर उरतो. तोही सगळीकडे सारखा नाही: माथा साच्याला आधी टेकून गार होतो आणि जाड राहतो, ताणली जाते ती खालची बाजू. दोन साचे जवळजवळ ठेवले की त्यांच्यामध्ये बदकाच्या पायासारखा पडदा धरतो, म्हणून एकावेळी एकच किंवा भरपूर अंतर ठेवून. चाळीसाव्या वाटीला साचा तापलेला असतो आणि आपणही.

खांद्याचा भाग दिसायला गोल डबा. पण तो डबा नाही, वर किंचित निमुळता शंकू आहे, आणि या 'किंचित'ने पुष्कळ प्लायवूड वाया घालवलं आहे. सरळ पट्टी गोल गुंडाळली की एका कडेला ती सैल पडते आणि टोकं वर-खाली सरकतात. पट्टी पंख्यासारखी वक्र कापावी लागते. समजा खालची त्रिज्या 36 सेंटिमीटर, वरची 30 आणि तिरकी उंची 30. त्रिज्येतला फरक 6. मग बाहेरच्या कमानीची त्रिज्या 36 गुणिले 30 भागिले 6, म्हणजे 180 सेंटिमीटर. आतल्या कमानीची 150. आणि पंख्याचा कोन 72 अंश. एवढी मोठी कमान काढायला कंपास कुठून आणणार? जमिनीत खिळा, एक लांब पट्टी आणि पट्टीच्या टोकाला पेन्सिल. वाकवायला 3 मिलिमीटरचं प्लायवूड घ्यावं, बाहेरच्या थराचे धागे वाकण्याच्या दिशेला आडवे ठेवावेत, गरम पाण्याने ओलं करून आदल्या रात्री आवळून ठेवावं. ओलं असतानाच सरस लावणाऱ्याचा सांधा सुकताना उलतो.

घुमट फायबरचा. साच्याला मेणाचे थर, मग जेलकोट म्हणजे बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर, मग काचतंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन. हार्डनरचं प्रमाण 1 ते 2 टक्के, म्हणजे किलोभर रेझिनला 10 ते 20 ग्रॅम. 'लवकर वाळू दे' म्हणून जास्त घातलं तर भांड्यातच धूर निघतो आणि थर तडकतो. कमी पडलं तर घुमट आठवडाभर चिकट राहतो. मूळ आकार थर्मोकोलचा कोरून त्यावर थेट पॉलिएस्टर रेझिन लावण्याचा मोह अनेकांना होतो. रेझिनमधलं स्टायरीन थर्मोकोल खाऊन टाकतं, आणि घुमटाऐवजी खळगा मिळतो. मध्ये प्लास्टरचा थर द्यावा किंवा इपॉक्सी वापरावं. नाकावर धुळीचा नव्हे, वाफा अडवणाऱ्या काडतुसांचा मास्क हवा.

मान ही तशी फसवणूकच. तिथल्या कड्यांमागे जाळी असते आणि आतला माणूस त्या जाळीतून बघतो. बाहेर उजेड आणि आत अंधार असला की तो दिसत नाही. त्यामुळे आतून सगळं मंद काळं आणि अंगातला सदराही काळा. घुमटावरची डोळ्याची दांडी लांब असते, तिला आत प्रतिभार लागतो: बाहेर 40 सेंटिमीटरवर अर्धा किलो असेल तर आत 10 सेंटिमीटरवर दोन किलो. नाहीतर जगाचा नाश करायला निघालेला डालेक सारखा खाली मान घालतो.

घुमटावरचे दोन दिवे बोलताना लुकलुकतात. त्याला कारण साधं: चार डालेकांना तोंडच नाही, मग बोलतोय कोण हे कळणार कसं? 12 व्होल्टवर 3 व्होल्टचा, 20 मिलिअँपिअरचा एलईडी लावायचा तर सोबतच्या रोधाचा (रेझिस्टरचा) हिशेब 450 ओहम येतो, बाजारात मिळतो 470चा. आवाजासाठी रिंग मॉड्युलेटर, म्हणजे आवाजाला दुसऱ्या सुराने गुणणारं यंत्र, सुमारे 30 हर्ट्झवर. 200 हर्ट्झचा सूर आत गेला की 170 आणि 230 असे दोन बाहेर पडतात, मूळचा गायब. पण यंत्र निम्मंच काम करतं. शब्द तोडून, प्रत्येक अक्षरावर सारखा ठोसा देत बोललं नाही तर घसा बसलेल्या माणसासारखं वाटतं. माइक आणि स्पीकर एकाच पेटीत असल्याने शिट्टी वाजते ती वेगळीच; स्पीकरचं तोंड बाहेर आणि पाठीला स्पंज हा त्यावर उतारा.

चालवताना पाय मागे रेटायचे. फिरत्या कॅस्टरची एक खोड आहे: दिशा उलटी केली की चाक आधी स्वतःभोवती गरकन फिरतं आणि डालेक मागे जाण्याआधी कंबर हलवतो. मागची दोन चाकं स्थिर ठेवली की हे बरंच कमी होतं. जमीन आणि बंपर यांत दोनेक सेंटिमीटरच फट ठेवावी, नाहीतर बूट दिसतात. मग उंबरठा ओलांडता येत नाही. जिना हा तर डालेकांवरचा जुना विनोद. 1988मध्ये मालिकेने एका डालेकला तरंगत जिना चढायला लावून तो संपवला. प्रतिकृतीसाठी तो अजून संपलेला नाही. म्हणून घेर, खांदे, मान आणि घुमट वेगवेगळे उचलता येतील असे बोल्टने जोडावेत, आणि पहिला तक्ता कापण्याआधी घराचं दार मोजावं.

सगळं गुळगुळीत झालं, शेवटचा थर वाळला की उरतं एकच काम: ते खराब करणं. जुन्या छायाचित्रांत स्टुडिओतल्या डालेकांचे रंग उडालेले, कडा चेपलेल्या, एखाद्या पट्टीखाली आधीचा रंग डोकावतो. ओल्या स्पंजाने काळपट तपकिरी रंग टिपायचा, पुसायचा, बारीक पॉलिश पेपरने कडा घासायच्या. बंपरवर मात्र वेळ घालवू नये. तिथले ओरखडे पहिल्यांदा दारातून बाहेर काढताना पडतात, आणि अगदी अस्सल पडतात.