दोन दातांच्या मधलं

दात कोरून पोट भरत नाही हे खरंच. पण दात कोरायचे ते पोटासाठी नव्हेत. शेवग्याच्या शेंगेचा चोथा, मटणाचा धागा, भाजलेल्या कणसाचं साल, रायवळ आंब्याची शीर, यांतलं काही अडकलं की जीभ राहून राहून तिथेच जाते. मग टाचणी, आगकाडी, बसच्या तिकिटाची घडी, हाताला लागेल ते तोंडात जातं. अडकलेलं निघालं की माणूस सुस्कारा टाकतो आणि विषय संपला असं समजतो. खरं तर तेवढं अन्न फारसं बिघडवत नाही. बिघडवतो तो न टोचणारा, न दिसणारा चिकट थर.

हा थर जंतूंचा आणि त्यांनीच तयार केलेल्या चिकट पदार्थाचा. दात स्वच्छ घासले तरी काही तासांत तो पुन्हा धरू लागतो. साखर-पिठूळ खाल्लं की त्यातले जंतू आम्ल करतात, ते दाताचं कठीण आवरण विरघळवतं. थर तसाच राहिला तर लाळेतलं कॅल्शियम त्यात बसून काही दिवसांत त्याचं कीटण होतं, आणि कीटण घरच्या कुठल्याही ब्रशने निघत नाही. तेलकट ओट्यावर नुसतं पाणी मारून जसं भागत नाही, तसं इथे चूळ भरून भागत नाही. घासावंच लागतं.

ब्रश दाताच्या तीन बाजू घासतो: बाहेरची, आतली आणि चावायची. शेजारच्या दाताला टेकलेल्या दोन बाजूंपर्यंत त्याचे केस जातच नाहीत. दाढांमधली कीड नेमकी तिथे, दोन दात जिथे टेकतात त्याच्या किंचित खाली सुरू होते. वरून दाढ धडधाकट दिसते, आतून पोखरत जाते, आणि एक दिवस साध्या पोळीच्या घासाला कडा तुटून हातात येते. एक्स-रेमध्ये ती त्याआधी बरीच वर्षं दिसू शकली असती.

म्हणून फ्लॉस, म्हणजे दातांत फिरवायचा दोरा. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचा दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्मली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मेण लावलेला रेशमी दोरा दातांमधून फिरवा असं सांगत होता. पुढे बराच काळ हे कुणी फारसं तपासून पाहिलं नाही. २०१६ साली एका अमेरिकी वृत्तसंस्थेने बातमी दिली की फ्लॉसच्या फायद्याचे पुरावे फारच लेचेपेचे आहेत. ज्यांना मुळातच कंटाळा होता त्यांना आयतंच निमित्त मिळालं. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था; तिच्या २०१९च्या आढाव्यात ३५ अभ्यास एकत्र पाहिले. नुसत्या ब्रशपेक्षा ब्रश आणि फ्लॉस मिळून हिरड्यांची सूज कमी होत असावी, पण खात्री कमी, असा त्याचा सूर.

मला मात्र त्याआधीचा, २००६चा एक आढावा जास्त बोलका वाटतो. लहान मुलांच्या दातांत शाळेच्या दिवशी रोज प्रशिक्षित माणसाने दोरा फिरवला, जवळजवळ पावणेदोन वर्षं, तेव्हा दातांमधली कीड ४० टक्क्यांनी कमी झाली. तेच काम दर तीन महिन्यांनी केलं तर फरक नाही. किशोरवयीन मुलांनी स्वतःच्या हाताने केलं तरी फरक नाही. दोरा तोच. फरक हाताचा आणि रोजच्या रोजचा. फ्लॉसने काही होतं का, या प्रश्नाला त्यामुळे सरळ उत्तर नाही. बहुतेक लोक जसा फ्लॉस करतात त्याने फारसं काही होत नाही, एवढं म्हणता येईल.

कारण बहुतेक लोक दोरा दातांत खटकन दाबतात, खटकन बाहेर ओढतात. अडकलेला कण निघतो, थर जागेवरच, वर हिरडीला काप. नीट करायचं तर दोरा एक हात लांब घ्यावा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर. चार बोटांचा तुकडा घेऊन कंजुषी केली की बोटं तोंडात मावत नाहीत. दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळून अंगठा आणि तर्जनीमध्ये तीनेक सेंटिमीटर ताणलेला ठेवायचा. फटीत दाबायचा नाही; करवतीसारखा हलके पुढे-मागे करत आत उतरवायचा. आत गेल्यावर खरं काम सुरू होतं. दोरा एका दाताला कवेत घेतल्यासारखा वळवायचा, हिरडीच्या काठाखाली अडेल तिथवर न्यायचा आणि वर-खाली पाच-सहा वेळा दात पुसायचा. मग त्याच फटीत शेजारच्या दाताला वळवून तेच. पुढच्या फटीला दोऱ्याचा कोरा भाग. शेवटच्या दाढेची मागची बाजू सगळेच विसरतात, तिथे शेजारी नसला तरी थर असतो.

पहिल्या दिवशी रक्त येतं आणि तिथेच निम्मे लोक दोरा कपाटात टाकतात. रक्त दोऱ्याने येत नाही, आधीच सुजलेल्या हिरडीतून येतं. हलक्या हाताने रोज केलं तर आठ-पंधरा दिवसांत थांबतं. त्यानंतरही येत राहिलं, किंवा एकाच जागी येत असलं, तर दाखवून घ्यावं. दोरा एकाच फटीत नेहमी फाटत असेल तर बहुधा तिथल्या भरावाची किंवा कॅपची कड बाहेर आली आहे. तिथे नवा दोरा आणून उपयोग नाही. अडकलाच तर वर खेचू नये, एक टोक सोडून बाजूने ओढून घ्यावा. कॅप ढिली असेल तर खेचण्याने तीच हातात येते.

वय वाढलं, हिरड्या खाली गेल्या, फटी रुंदावल्या की दोऱ्यापेक्षा फटीत घालायचे छोटे ब्रश बरे, आणि पुरावाही त्यांच्या बाजूने थोडा जास्त झुकतो. माप मात्र जुळलं पाहिजे. केस दोन्ही दातांना घासले पाहिजेत, तार दाताला लागता कामा नये. एकाच तोंडाला दोन-तीन मापं लागू शकतात. ब्रिज, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांना जोडून बसवलेला दात, असेल तर त्याच्याखालून ओवायला एका टोकाला ताठ असलेला जाडसर दोरा मिळतो.

ब्रशबद्दल थोडक्यात: मऊ, लहान डोक्याचा, दोन मिनिटं, हिरडीच्या कडेशी तिरका धरून. कडक ब्रश आडवा रगडणाऱ्यांच्या दातांना हिरडीजवळ पाचरीसारख्या खाचा पडतात आणि गार पाण्याने कळ येते. राखुंडी आणि कोळशाच्या पुडीचंही तेच, शिवाय बोट फक्त दाताच्या फुगवट्यावर फिरतं. मशेरीची गोष्ट वेगळी आणि वाईट. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२पासून बंदी आहे, पण तव्यावर भाजून घरीच केली तर कोण अडवणार? मशेरीने हिरड्या ‘घट्ट’ होतात असं बायका सांगतात. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त येत नाही, आणि आजार आत वाढत राहतो. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच.

वेळेचा विचार केला तर रात्रीची खेप जास्त मोलाची, कारण झोपेत लाळ आटते. आपल्याकडे उलटं आहे. तोंड धुतल्याशिवाय सकाळचा चहा नाही, यावर घरं ठाम असतात, रात्री मात्र दुधाचा पेला पिऊन थेट गादी. दोरा ब्रशच्या आधी फिरवला तर पेस्टमधलं फ्लोराइड, म्हणजे दाताचं आवरण मजबूत करणारं द्रव्य, फटींत पोचायला वाव मिळतो. पेस्ट मोठ्यांना वाटाण्याएवढी पुरते, तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी. जाहिरातीतली ब्रशभर लाट विसरावी. लहान मुलं पेस्ट गिळतात, म्हणून यवतमाळ-चंद्रपूरसारख्या, पाण्यातच फ्लोराइड जास्त असलेल्या भागांत हे माप अधिकच सांभाळावं. घासून झाल्यावर थुंकायचं आणि थांबायचं. बेसिनपाशी तांब्याभर पाण्याने खळखळून भरलेल्या चुळांत ते फ्लोराइडही वाहून जातं. वापरलेला दोरा मात्र बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नये. तो बहुधा नायलॉनचा असतो, कुजत नाही, नळीत केसांना गुंडाळून बसतो.