कळ वर, दुखणं खाली

"गार पाणी लागलं की वरच्या डाव्या बाजूला कळ जाते," असं सांगत पन्नाशीचे एक गृहस्थ खुर्चीत बसले. दोन महिने पोटॅशियम नायट्रेटची, म्हणजे शिवशिवणाऱ्या दातांसाठीची टूथपेस्ट वापरूनही फरक नव्हता. तोंड उघडताच कारण समोर दिसलं. वरच्या डाव्या सुळ्याची आणि शेजारच्या उपदाढेची हिरडी ३ मिलिमीटर वर सरकलेली आणि उघड्या मुळावर पाचरीसारखी खाच. जोर लावून आडवा ब्रश घासणाऱ्यांच्या दातांवर ही खूण नेहमी दिसते. मुळावर इनॅमल नसतं. मुळावरचा सिमेंटम नावाचा पातळ थर झिजला की त्याखालचा दाताचा मुख्य भाग, म्हणजे डेंटिन, उघडं पडतं, त्याच्या सूक्ष्म नळ्यांतला द्रव गारव्याने सरकतो आणि आतली नस कळवळते. शेजारचे दात बोटाने झाकून खाचेवर हवेचा झोत सोडला. ते दचकले, पण झोत थांबताच कळही थांबली.

निदान इथेच संपलं असतं. पण ते पुढे म्हणाले, "गरम प्यायलं तर मात्र वीस मिनिटं ठणकत राहतं, डॉक्टर."

खाचेमुळे असं होत नाही. उघड्या डेंटिनची कळ क्षणाची असते. गरमाने उठणारा आणि नंतर रेंगाळणारा ठणका म्हणजे दाताच्या आत नसेला सूज आलेली असते, आणि ही सूज बहुतेक वेळा मागे फिरत नाही. टूथपेस्टमधलं पोटॅशियम उघड्या नळ्यांमधून नसेची संवेदना कमी करतं. सुजलेल्या नसेवर त्याचा उपयोग नाही.

मग प्रश्न विचारले. दात पांढरे करून घेतलेत का? नुकतं फिलिंग झालंय का? (ते किंचित उंच राहिलं तरी दात गार-गरमाला शिवशिवतो.) घशाशी आंबट येतं का? सर्दीत वाकल्यावर वरच्या दाढा जड होतात का? सगळ्याला उत्तर एकच, "नाही". एक्स-रेमध्ये कीड नाही, मुळाशी काळी सावली नाही.

गार चाचणी उजव्या बाजूच्या निरोगी दातापासून सुरू केली, म्हणजे त्या माणसाची नेहमीची प्रतिक्रिया कळते. तिथे २-३ सेकंदांत गारवा विरला. वरचे डावे दातही तसेच. खालच्या डाव्या पहिल्या दाढेत चांदीचं जुनं, मोठं फिलिंग होतं. तिथे कळ ४० सेकंद टिकली. त्या दाढेच्या एकेका उंचवट्यावर प्लास्टिकची काडी ठेवून चावायला लावलं. जिभेकडच्या पुढच्या उंचवट्यावर चावताना काही नाही, दाब सोडताना मात्र कळ. ही दाताला भेग असल्याची खूण. भेगेच्या दोन बाजू चावताना फाकतात आणि सोडल्यावर मिटतात, तेव्हा ती कळ उठते.

तरीही ते बोट वरच दाखवत होते. रबर डॅम, म्हणजे एकच दात बाहेर ठेवणारा रबरी पडदा, लावून फक्त त्या खालच्या दाढेवर गरम पाणी सोडलं. ठणका उठला आणि बोट पुन्हा वरच्या उपदाढेवर गेलं. मग खालचा जबडा बधिर केला. वरचे दात पूर्ण जागे होते, तरी ठणका थांबला. पुन्हा गरम पाणी सोडलं तरी उठला नाही. दोन्ही जबड्यांच्या नसा चेहऱ्याच्या एकाच ट्रायजेमिनल नसेच्या शाखा आहेत, त्यामुळे वरचं की खालचं यात मेंदू फसतो. डावं-उजवं मात्र सहसा चुकत नाही.

जुनं फिलिंग काढल्यावर तळाशी पुढून मागे गेलेली काळसर रेघ दिसली. गालाच्या बाजूने बारीक दिवा धरला, तर रेघेपर्यंतचा अर्धा दात उजळला आणि पलीकडचा काळोखात राहिला. पुढून मागे जाणारी भेग एक्स-रेत बहुधा दिसत नाही, म्हणून हा दिवा हाताशी हवाच. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली सगळीकडे ३ मिलिमीटरच्या आत होती. एकाच जागी खोल, अरुंद खळगा लागला असता, तर भेग मुळावर उतरली असं समजून दाढ काढावी लागली असती.

रूट कॅनॉल केलं आणि वरून पूर्ण कॅप बसवली, कारण उंचवटे झाकले नाहीत तर भेग फाकतच जाते. वरच्या दातांच्या खाचा ग्लास आयनोमर या दाताला चिकटणाऱ्या सिमेंटने भरल्या. मऊ ब्रश आणि तीच टूथपेस्ट पुढेही चालू ठेवायला सांगितली, फक्त घासल्यावर पाण्याने खळखळून चूळ न भरता नुसती थुंकून टाकायची. ते रोज तीन-चार चुळा भरत होते, म्हणजे औषध धुऊनच जात होतं.

भेग मुळाकडे किती उतरली आहे हे कॅपखाली दिसणार नाही. म्हणून सहा महिन्यांनी त्याच दाढेभोवतीच्या हिरडीची खोली पुन्हा मोजायची आहे.