चार किलोमीटर आणि एक तास

२० डिसेंबर, रात्र

हरभऱ्यात रानडुकरे शिरू लागल्यापासून माझी जागल सुरू झाली आहे. आज सायंकाळी बंडीने वावरात आलो. गावापासून चार किलोमीटर, म्हणजे बरोबर एक तास. वावर किती लांब आहे असे विचारले, तर आमच्याकडे ‘तासाभराचे’ असेच उत्तर मिळते आणि ते ऐकले की हरमान मिन्कोव्स्की या गणितज्ञाची मला हटकून आठवण होते. २१ सप्टेंबर १९०८ रोजी कोलोन येथील व्याख्यानात त्याने अवकाश आणि काळ वेगळे न मानता दोहोंचे मिळून एकच चतुर्मितीय विश्व मांडले. त्याचाच विद्यार्थी असलेल्या आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षतेला त्यामुळे भूमितीचे रूप मिळाले.

मात्र आमचा तास बैलांच्या चालीवर ठरतो आणि मिन्कोव्स्कीचा हिशेब प्रकाशाच्या वेगावर, जो कोणीही मोजला तरी सारखाच भरतो. सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर या दराने माझा आजचा तास १०८ कोटी किलोमीटरांचा होतो, आणि त्याच्या शेजारी अवकाशातले चारच किलोमीटर. म्हणून सापेक्षतेप्रमाणे चालत्या बंडीतल्या माझ्या आणि घरी थांबलेल्या आईच्या घड्याळांत पडणारा फरक कधीच जाणवत नाही. दोन घटनांमधील अंतर काढताना काळाच्या या किलोमीटरांच्या वर्गातून अवकाशाच्या अंतराचा वर्ग वजा करायचा असतो. पायथागोरसची बेरीज अंगवळणी पडलेली असल्यामुळे या वजाबाकीपाशी मी कित्येक महिने अडलो होतो. वेगवेगळ्या वेगांनी जाणाऱ्यांची किलोमीटरे जुळत नाहीत, मिनिटेही जुळत नाहीत, पण ही वजाबाकी सर्वांची एकच येते. या साऱ्या विषयात मला सर्वांत सुंदर वाटते ते हेच.

दहाच्या सुमारास व्याधाचा तारा चांगला वर आला. तो ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. आज माझ्या डोळ्यांत शिरलेला त्याचा उजेड निघाला तो साडेआठ वर्षांपूर्वीचा मे महिना असणार; तेव्हा वावर वखरून ठेवलेले होते आणि बाबा याच मचाणावर निजायला येत. त्यांची ती रात्र आणि माझी ही रात्र यांच्यात, वावरापुरते पाहिले तर, अवकाशाचे अंतर काहीच नाही आणि मधला काळ मात्र सगळाच्या सगळा आहे. त्या उजेडाच्या बाबतीत जितका काळ तितकेच अवकाश, म्हणून वजाबाकी शून्य येते. बाबा असते, तर खाली उतरून मातीत काडीने रेघा ओढून हे गणित मी त्यांना आजच दाखवले असते.