उरलेल्या पोत्यांचा हिशेब

आमच्या बेळगावकडच्या मराठी शाळांतील मुले अपूर्णांकांच्या शाब्दिक उदाहरणांत अडतात ती आकडेमोड येत नाही म्हणून नव्हे, तर ‘हा भाग नेमका कशाचा?’ हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही म्हणून, असे शेजारची मुले शिकवताना माझे मत झाले आहे.

एका शेतकऱ्याने रताळ्यांच्या पोत्यांपैकी १/३ पोती बेळगावच्या बाजारात विकली, उरलेल्यांपैकी १/४ पाहुण्यांना दिली आणि घरी ३० पोती राहिली, तर सुरुवातीला किती होती? बहुतेक मुले १/३ आणि १/४ मिळवून ७/१२ काढतात, उरलेले ५/१२ म्हणजे ३० धरतात आणि ७२ असे उत्तर देतात. ते पूर्णांकात आल्यामुळे त्यांना शंकाही येत नाही. (पाठ्यपुस्तकातील शेतकरी पाहुण्यांना इतकी पोती का वाटतात, हे मात्र मलाही उमगलेले नाही.) अशा वेळी मी सूत्र सांगत नाही, एक पट्टी काढायला लावते. तिचे तीन समान भाग करून एक खोडला की दोन उरतात. त्यांचे चार तुकडे करायचे तर प्रत्येक भाग अर्धा करावा लागतो. त्यातला एक तुकडा गेला, तीन राहिले, म्हणून एक तुकडा १० पोत्यांचा, आणि अख्ख्या पट्टीत असे सहा, म्हणजे ६० पोती. नंतर ७२ चा पडताळा मुलांनीच घ्यावा: घरी ३६ उरतात.

गुणोत्तरालाही हीच पट्टी चालते. ४० रुपये ३:२ प्रमाणात वाटायचे तर आधी पाच घरे आखावीत, प्रत्येक घरात ८ रुपये येतात.