अळंबीचा फोटो वरून काढू नका

पहिल्या फेरीहून परतल्यावर बारा विद्यार्थ्यांचे फोटो लॅपटॉपवर ओळीने लावले आणि अडचण लगेच दिसली. सगळ्यांनी अळंबीची टोपी टिपली होती. वर पावसाचे थेंब, मागे धूसर हिरवळ, कॅलेंडरवर छापावेत असे फोटो. ओळख पटवायला बसलो तेव्हा मात्र त्यातला एकही उपयोगी पडला नाही. अळंबीची ओळख टोपीखाली असते. टोपीच्या आतले पातळ पडदे, म्हणजे कल्ले, दांड्याला चिकटलेत की सुटे आहेत? दांड्यावर कडं आहे का? बुडाशी मातीत पिशवी आहे का? वरून बघाल तर सगळ्या कुत्र्याच्या छत्र्याच.

वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर केलेला हा प्रकल्प जून ते ऑक्टोबर असा चालला, मुळशी-ताम्हिणीच्या पट्ट्यात. विषय एवढाच, की ज्यांच्यासाठी कुणी गाडी थांबवत नाही त्यांचे फोटो काढायचे: नेचे, शेवाळ (मॉस), दगडफूल, अळंब्या, कुजक्या ओंडक्यावरची बुरशी.

आधी परवानगी. अभयारण्याच्या हद्दीत १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभ्यास आणि छायाचित्रण या दोन्हींसाठी परवाना लागतो आणि तिथली अळंबी उपटणंही चालत नाही. अर्ज उन्हाळ्यातच करा. पावसाळ्यात केला तर कागद हलेपर्यंत अळंबी कुजून जाते. आम्ही हद्दीबाहेरची मालकीची राने आणि एक देवराई निवडली. देवराईसाठी गावातल्या जाणत्या माणसांना भेटलो. तिथला नियम कायद्याहून कडक निघाला: चप्पल बाहेर, आतली काडीही उचलायची नाही. अनवाणी चालायचं म्हणजे जळवा आल्याच. मीठ पावसात धुऊन जातं. खोबरेल तेलात कालवलेली तंबाखू पोटरीपर्यंत चोळली, तर ती त्यापेक्षा बरीच टिकते.

सामान फारसं लागत नाही. नऊ जण मोबाइलवरच काम करत होते, फक्त मॅन्युअल मोड हवा. क्लिपने लावायची मॅक्रो लेन्स चालते, पण ती वस्तूपासून जेमतेम तीन-चार सेंटिमीटरवर धरावी लागते. तेवढ्या अंतरात हात स्थिर राहत नाही आणि मोबाइलचीच सावली पडते. जमिनीलगत ट्रायपॉड निरुपयोगी ठरतो, म्हणून जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात अर्धा किलो मूग भरले आणि त्याची उशी केली. मूग आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, नाहीतर दोन-तीन दिवसांत उशीला मोड येतात. पुठ्ठ्यावर चिकटवलेलं स्वयंपाकघरातलं फॉइल टोपीखाली प्रकाश फेकायला पुरतं. दात घासायचा मऊ ब्रश, पाण्याची फवारणीची बाटली, १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी आणि काळी छत्री. छत्री काळीच हवी. लाल छत्रीखाली पांढरी अळंबी गुलाबी येते आणि मग तो रंग खरा होता की छत्रीचा, यावर तासभर वाद होतो. मापासाठी नाणं ठेवायची सवयही मोडावी लागली. जुना रुपया २५ मिलिमीटरचा, नंतरचा २२ च्या आसपास. फोटोत कुठला आहे ते कळत नाही.

दुसऱ्या फेरीपासून प्रत्येक नमुन्याचे फोटो एका ठरलेल्या क्रमाने काढले. सगळ्यात आधी चार पावलं मागे सरकून जागेचा फोटो: जमीन आहे की ओंडका, वारूळ की शेण, आजूबाजूला बांबू आहे की अंजनी. हा फोटो सगळे विसरतात. वारुळावरची अळंबी म्हणजे वाळवीबरोबर वाढणारी टर्मिटोमायसीस असण्याची शक्यता मोठी, म्हणजे अर्धी ओळख जागेनेच होते. मग काहीही न हलवता पूर्ण अळंबी, तिच्याच उंचीवर मोबाइल आणून. मग टोपी वरून. मग मोबाइल उलटा धरून, कॅमेरा जमिनीला टेकवून, खालून कल्ले. शेवटी, जिथे परवानगी असेल आणि घोळक्यात पाच-सहा असतील तिथेच, एक अळंबी काढून आडवी ठेवायची आणि शेजारी पट्टी. ती ओढून काढू नका. काडीने भोवतालची माती मोकळी करून बुडासकट उचला, कारण अमॅनिटा वंशातल्या अळंबीची बुडाशी असलेली पिशवी ओढल्यावर मातीतच राहते, आणि जीवघेण्या अळंब्यांची मुख्य खूण तीच. (या सगळ्या फोटोंचा उपयोग ‘खायची का?’ हे ठरवायला करायचा नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावलं.) उभी चिरून आतला भाग दिसेल असा एक फोटो घ्यायचा, चिरल्यावर रंग बदलतो का तेही पाहायचं. वास वहीत लिहायचा, तो फोटोत येत नाही.

गुडघे टेकण्याआधी काठीने पालापाचोळा आणि हाताच्या उंचीच्या फांद्या बघून घ्या. चापडा हा विषारी साप हिरवा असतो, हलत नाही, आणि आपला डोळा स्क्रीनला चिकटलेला असतो.

झाडीखाली पावसाळ्यात उजेड फार कमी. कॅमेऱ्यावर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४००, लेन्सचं छिद्र एफ ८, शटर अर्धा ते एक सेकंद आणि दोन सेकंदांचा टायमर हे आमचं ठरलेलं गणित. छिद्र एफ २२ पर्यंत बारीक केलं की सगळं स्पष्ट येईल असं वाटतं, प्रत्यक्षात विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, सगळंच थोडं मऊ होतं. त्यापेक्षा फोकस थोडाथोडा पुढे सरकवत दहा-बारा फोटो काढून जोडलेले बरे. मधेच गोगलगाय चालली किंवा थेंब टपकला तर जोड फसतो, तेव्हा दोन वेळा काढा. पांढरी टोपी हटकून जळते, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप कमी, म्हणजे प्रकाश निम्मा. थेट फ्लॅशमध्ये ओली टोपी नुसती चकाकते. फ्लॅशवर बटर पेपर लावा नाहीतर तो बंदच ठेवा.

शेवाळ आणि दगडफूल यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे कोरडे आणि ओले असे दोन्ही फोटो हवेत. गोडा मसाल्यात पडणारं दगडफूल हीच बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी. कोरडं असताना ते राखाडी दिसतं. फवारा मारला की वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल हिरवं उमटतं, मिनिटाभरात आणि डोळ्यांदेखत. शेवाळाच्या बारीक दांड्यावरच्या बोंडांचा फोटो मात्र पावसाच्या शेवटाला मिळतो. जुलैत बहुतेक ठिकाणी नुसता हिरवा गालिचा असतो. बोंडाचं झाकण आणि त्याखालचे दात टिपले नाहीत तर नाव पुष्कळदा वंशापर्यंतही नेता येत नाही.

बीजाणूंचा ठसा हा प्रकल्पातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी भाग. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्यायचा. टोपी दांड्यापासून कापून कल्ले खाली येतील अशी दोन्ही रंगांवर मिळून ठेवायची, वर काचेचा पेला, आणि रात्रभर हात लावायचा नाही. फक्त पांढरा कागद घेतलात तर पांढरे बीजाणू दिसणारच नाहीत आणि ‘ठसा आला नाही’ अशी नोंद होईल. आमच्याकडे तशा तीन झाल्या. हॉस्टेलच्या हिरवळीवर उगवलेल्या एका मोठ्या पांढऱ्या अळंबीचा ठसा मळकट हिरवा आला: क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स, विषारी. फोटोत ती अगदी खाण्याजोगी दिसते.

चमकणाऱ्या बुरशीचं सगळ्यांनाच वेड. सह्याद्रीत, भीमाशंकरपासून गोव्याच्या म्हादईपर्यंत, भर पावसाळ्यात मायसीना वंशातल्या बुरशीने कुजकी काटकं हिरवट उजळतात. अमावास्येच्या आसपास जा आणि टॉर्च विझवून वीस मिनिटं नुसते बसा. त्याआधी डोळ्यांना काही दिसत नाही. फोकस टॉर्चच्या उजेडात करून मॅन्युअलवर कुलूपबंद करायचा, मग आयएसओ ३२००, छिद्र एफ २.८, तीस सेकंदांपासून सुरुवात. एकाने मोबाइलचा स्क्रीन उघडला की सगळ्यांचा फोटो गेला. इंटरनेटवरच्या झगझगीत हिरव्या फोटोंसारखं डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना दिसतो तो फिकट, जवळजवळ राखाडी उजेड, आणि हे मुलांना आधी सांगितलं नाही तर ती हिरमुसतात.

नोंदी आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गनोंदींच्या खुल्या संकेतस्थळावर, चढवल्या. एका नमुन्याचे सगळे फोटो एकाच नोंदीत घाला, वेगवेगळे चढवले तर पाच अर्धवट नोंदी होतात. ॲप सुचवेल ते प्रजातीचं नाव डोळे मिटून घेऊ नका. अळंब्यांच्या बाबतीत वंशापाशी थांबणं पुष्कळदा जास्त प्रामाणिक असतं. देवराईचं आणि चमकणाऱ्या काटक्यांचं नेमकं ठिकाण लपवून ठेवलं, नाहीतर पुढच्या शनिवारी तिथे गाड्यांची रांग.

परतल्यावर लेन्स पुसून हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल. एका विद्यार्थ्याने कॅमेरा ओल्या बॅगेत महिनाभर तसाच ठेवला. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरले. तीही बुरशीच. तिचा फोटोही आम्ही पट्टी ठेवून काढला.