बोलोन्यात जेवायला टेबल मिळवताना : माझा अनुभव

इटलीतल्या बोलोन्यात चांगली त्रात्तोरिया, म्हणजे साधी घरगुती खानावळ, सापडते. तिथे बसायला मिळणं कठीण, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शोधायचं कसं ते सोपं आहे. मेनूवर 'स्पॅगेटी बोलोनीज' दिसली की पुढे चालायला लागा. इथे रागू, म्हणजे मांसाचा घट्ट सॉस, खातात तो ताल्यातेल्ले या चपट्या, लांब पट्ट्यांच्या पास्त्याबरोबर. शिजल्यावर ही पट्टी ८ मिलिमीटर रुंद हवी, अशी १९७२ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंद केलेली आहे! दारात उभं राहून हाका मारणारा माणूस असेल तर तेही ठिकाण सोडा.

आम्ही ठरवलेली जागा पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकापासून बरीच लांब होती. संध्याकाळी साडेसातला दार उघडलं तेव्हा आई आणि मी सर्वांत पुढे. आत एकही माणूस नाही. तरी उत्तर आलं, "कोम्प्लेतो." भरलंय! रिकाम्या खुर्च्या समोर दिसत असताना असं ऐकून माझं डोकंच फिरलं. बाहेर थांबतो म्हटलं, तर नुसती मान हलवली. पुण्यात वहीत नाव लिहून तासभर उभं राहिलं की नंबर लागतो. इथे तशी वहीच नाही, कारण अशा लहान ठिकाणी एक टेबल बहुतेक रात्रभर एकाच मंडळींचं असतं. साडेआठला येणाऱ्यांसाठी ते साडेसातपासून रिकामं राहतं. हे कारण आम्हाला दारात कुणीही सांगितलं नाही. दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

मग फोन. दुपारी एकला केला, तर मागे भांड्यांचा गोंगाट आणि पलीकडून फोन ठेवला. चारला नुसतीच रिंग. ईमेलला उत्तर नाही. शेवटी सकाळी अकराच्या सुमारास, स्वयंपाकाची तयारी चालू असताना लागला. "वोर्रेई प्रेनोतारे उन ताव्होलो पेर दुए" (दोघांसाठी टेबल राखून ठेवायचंय) हे पाठ करून ठेवलं होतं, ते न अडखळता म्हटलं. नाव विचारतात तेव्हा आडनाव सांगत बसू नका, मी फक्त 'मीना' सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारचं टेबल मिळालं! दुपारचं लवकर मिळतं, हे ध्यानात ठेवा.

आई शाकाहारी. तोर्तेल्लिनी या छोट्या, सारण भरलेल्या पास्त्यात डुकराचं मांस असतं, रागूत बीफ. तिच्यासाठी रिकोत्ता चीज भरलेले तोर्तेल्लोनी (तोर्तेल्लिनीचेच मोठे भाऊ) मागवले, लोणी आणि सेजच्या पानांत परतलेले. ताटली पुसून खाल्ली तिने. मी ब्रोदोतल्या, म्हणजे पातळ रश्शातल्या, तोर्तेल्लिनी घेतल्या. तो रस्सा इतका निवळ आणि चवदार होता की दारातला अपमान तेवढ्यापुरता विसरले.

आणखी एक, बिलात 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, त्यावरून वाद घालू नका. ऑगस्टच्या मध्यावर जाणार असाल तर आधी चौकशी करा, तेव्हा बरीच घरगुती ठिकाणं सुट्टीसाठी बंद असतात.