मशीन तेच, मग आकडे वेगळे का?

एकाच सोनोग्राफी मशीनवर दोन डॉक्टरांचे आकडे वेगळे का येतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. आयसीयूच्या दारात हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. परवा डेंग्यूच्या एका पेशंटच्या मुलीने विचारला: "रात्री मॅडम म्हणाल्या पाणी कमी आहे, शीर बारा मिलिमीटर. सकाळी तुम्ही म्हणालात एकोणीस, सलाईन थांबवा. मशीन तर तेच. कुणीतरी एक चुकलंय ना?"

(त्याआधीचा प्रश्न ठरलेला असतो: "सोनोग्राफी? बाबांची?" भिंतीवरच्या 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' या पाटीने सोनोग्राफी म्हणजे गरोदर बाई, हे डोक्यात पक्कं बसलंय.)

आम्ही पाहतो ती पोटातली मोठी अशुद्ध रक्ताची शीर. शरीराच्या खालच्या भागातलं रक्त ती हृदयाकडे नेते. पेशंट स्वतः श्वास घेत असेल तर श्वास आत घेताना ती आकसते. रुंदी २.१ सेंटीमीटरच्या आत आणि जोरात नाकाने श्वास ओढल्यावर निम्म्याहून जास्त आकसली, तर हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब कमी असावा, एवढाच त्याचा अर्थ. 'किती बाटल्या लावू' याचं उत्तर त्यात नाही. व्हेंटिलेटरवर तर सगळं उलटं: मशीन हवा आत ढकलतं तेव्हा शीर फुगते.

शिकत असताना मी याच शिरेने फसलो. पेशंट धापा टाकत होता, शीर प्रत्येक श्वासाला नाहीशी होत होती. मी खुशीत सलाईन सोडलं. तासाभरात त्याच्या छातीत घरघर. सिनियर आले, त्यांनी प्रोब (सोनोग्राफीचा हातात धरायचा, अंगावर टेकवायचा भाग) नव्वद अंशात फिरवून शीर आडवी पाहिली: चांगली टच्च गोल. ती आकसत नव्हतीच, श्वासाबरोबर माझ्या प्रोबखालून बाजूला सरकत होती. नळी मधोमध न कापता कडेने कापली तर बारीकच दिसणार. पेशंट सावरला, पण प्रोब फिरवून बघायची सवय तेव्हापासून लागली ती लागलीच.

दुसरं माप हृदयाचं. रक्त बाहेर पडतं त्या तोंडाशी डॉप्लर (सोनोग्राफीचीच रक्ताचा वेग मोजणारी सोय) लावला की एका ठोक्याला रक्त किती सेंटीमीटर पुढे सरकलं ते कळतं; साधारण १८ ते २२. त्याला तोंडाच्या क्षेत्रफळाने गुणलं की एका ठोक्याचं रक्त. गोची इथे आहे. क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो. तोंड २ सेंटीमीटरचं आहे आणि मी २.२ मोजलं, तर दोनच मिलिमीटर, पण उत्तर २१ टक्क्यांनी फुगतं. ठोक्याला २० सेंटीमीटर आणि नाडी १०० असेल तर मिनिटाला ६.३ लिटरच्या जागी ७.६. आणि हे मोजायचं हलत्या, धुरकट चित्रावर, रात्री तीन वाजता. शिवाय डॉप्लरची रेघ रक्ताच्या दिशेपासून २० अंश तिरकी गेली तर वेग ६ टक्के कमी दिसतो, ३० अंशांना १३. तिरकी रेघ नेहमी कमीच दाखवते, जास्त कधी नाही.

म्हणून मी व्यास सोडून देतो. तोंड तासाभरात लहानमोठं होत नाही. नुसते सेंटीमीटर बघतो, चारपाच ठोक्यांची सरासरी काढून. नाडी अनियमित असेल तर जास्त ठोके. मग पलंगाची डोक्याकडची उचललेली बाजू खाली आणून सपाट, पाय ४५ अंश वर. पायांतलं सुमारे ३०० मिली रक्त हृदयाकडे येतं. हे उसनं सलाईन. पाय खाली केले की परत. मिनिटभरात आकडा १० ते १५ टक्के वाढला तर पाणी देऊन उपयोग आहे. त्याहून कमी वाढला तर तो माझ्या मनगटाचा फरकही असू शकतो.

त्या डेंग्यूच्या पेशंटचा हा हृदयाचा आकडा रात्री १६ सेंटीमीटर होता, सकाळचा माझा १८. मधे अर्धा लिटर सलाईन गेलेलं. सुधारणा किती आणि हाताचा फरक किती, हे दोन हातांच्या दोन आकड्यांवरून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून माझ्याच हाताने पाय वर करून पुन्हा घेतला: साडेअठरा. लघवी होत होती, हातपाय गरम होते. डेंग्यूत रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि जास्तीचं सलाईन फुप्फुसांभोवती जाऊन बसतं. थांबवलं. मॅडमही चुकल्या नव्हत्या. त्यांनी पाहिलं तेव्हा बीपी ८० होतं आणि लघवी बंद.

आता केसपेपरवर आकड्याशेजारी कोणी मोजलं, पलंग किती अंशात होता, नाडी किती, हेही लिहितो. पेशंटच्या मुलीला तो कागद दाखवला. तिने नीट वाचला आणि विचारलं, "मग संध्याकाळी कोण बघणार?"

"मीच. आणि पलंग असाच ठेवा म्हणून सिस्टरना सांगून जातो."

"त्यांना उशी उंच लागते हो," ती म्हणाली.